ड्रॉइंगवरचा ‘द’

आमच्या कंपनीच्या एका ड्रॉइंगवर ‘डी’ या अक्षराजवळ एक माप लिहिलेलं असतं. त्या ‘डी’चा अर्थ मला आजवर दोनदा विचारला गेला आणि दोन्ही वेळा मी वेगवेगळं खोटं सांगितलं. खरा अर्थ मी कोणालाच सांगितलेला नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आणि ज्यांचा तो शब्द आहे त्यांना तर मुळीच नाही. ‘तुमच्या कामाविषयी लिहा, वाचकांना यंत्रांचं कुतूहल असतं,’ असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं तेव्हा मी बिजागऱ्यांवर चार पानं लिहून काढली. बरी जमली होती. मग फाडून टाकली. त्यांत सगळं खरं होतं, फक्त हे नव्हतं.

तरी आधी बिजागरीच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी बाभुळगावचा. यवतमाळला शिकलो, पुण्याला नोकरीला लागलो, आणि गेली बरीच वर्षं मनगटावर बांधायच्या पडद्यांच्या बिजागऱ्या करतो. वस्तू रुंद घड्याळाएवढी, आम्ही तिला बँड म्हणतो. अंगठ्यानं उचलली की वहीसारखी उघडते आणि तळहाताएवढा पडदा समोर येतो. पडदा काचेचा नाही, कांद्याच्या सालीसारख्या पातळ थरांचा आहे आणि तो वाकतो. लोकांना वाटतं सगळी करामत पडद्यात. पडदे करणारे वेगळे, दूर देशातले. ते आमच्याकडे डब्यातून येतात. आमचं काम एवढंच की वाकताना तो मरू नये.

कागदाची घडी घातली की आपण नख फिरवून तिची कड काढतो. पडद्याची अशी कड काढली की तो गेला. म्हणून घडीच्या पोटात त्याला पाण्याच्या थेंबासारखी जागा ठेवावी लागते, म्हणजे तो मोडत नाही, वळतो. दाराच्या बिजागरीला एक खिळा असतो. आमच्या बिजागरीला दोन, आणि मध्ये मुगाच्या दाण्याहून बारीक दातेरी चाकं, म्हणजे दोन्ही पाखं सारखीच उघडावीत. शिवाय दाराला कोणी अर्ध्यात थांब म्हणत नाही. आमच्या पडद्याला थांबावं लागतं. माणूस चालतो, भाजी निवडतो, स्कूटर स्टँडवर लावतो. हात हलता राहतो आणि पडदा मात्र ज्या कोनात ठेवला तिथंच राहायला हवा. तो आपसूक मिटला तर आम्ही म्हणतो, ‘मान टाकली’. आमच्या धंद्यात सगळं शिकणं मान न टाकण्याचं आहे.

सुरुवातीच्या नमुन्यांत मनगटावरचे केस अडकायचे आणि पडदा उघडताना एकेक उपटून निघायचे. टीममध्ये सगळ्यांत केसाळ मी, त्यामुळे वर्षभर मला फार मान होता. मग आम्ही बाहेरच्या काही लोकांना वापरायला नमुने दिले. त्यात एक निवृत्त गणिताचे सर होते. कंपनीनं दिवसाला जितकी उघडझाप धरली होती ती हे सकाळच्या चहाआधीच संपवत. आठवड्याभरात बँड परत घेऊन आले आणि म्हणाले, “मी काहीच केलेलं नाही. मी फक्त विचार करत होतो.” विचार करताना ते बँड पानाच्या डब्यासारखा टकटक उघडत आणि मिटत. त्यांच्या हातातली बिजागरी मात्र ठणठणीत होती. ज्यांनी जपून, शर्टाच्या बाहीखाली झाकून वापरला, त्यांच्या बँडनी मान टाकली.

हे आम्हाला उलगडत नव्हतं. यंत्रावर उघडझाप करून बघितली, धुळीच्या पेटीत ठेवून बघितलं, खोट्या घामात बुडवून बघितलं. आमच्याकडे बिजागरी हूं की चूं करत नसे. लोकांच्या मनगटावर दोन-तीन महिन्यांत ढिली पडायची किंवा अडकायची, आणि अडकलेली कोणी जोरानं मिटली की पडद्यावर मधोमध काळी रेघ. सांधा उघडून बघितला की आत पुट्टीसारखी करडी लुकण. सगळे म्हणाले, आत काही जाऊच नये असं सील बसवा. आठ महिने आम्ही सील बसवत होतो. माझ्या वरिष्ठांनी एक दिवस शांतपणे सांगितलं की मार्चपर्यंत बिजागरी उभी राहिली नाही तर हा प्रकल्प बंद.

त्या वर्षी भाऊबीजेला मी दिग्रसला गेलो तो असा.

दिग्रसला माझी थोरली बहीण, शोभाताई. तिचे यजमान सुधाकर, आमच्या भाषेत माझे भाटवे. जिनिंगमध्ये फिटर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची मिल. ते काम करणाऱ्या यंत्राला तिथं रेचा म्हणतात. एका ओळीत पंधरा-वीस रेचे धडधडत असतात आणि भाटवे दारात उभे राहून सांगायचे, सातव्याचं काही खरं नाही. शाळा त्यांची सातवीपर्यंत. साळा आणि भाटवे यांच्यात थट्टेचं नातं असतं तसं आमचंही होतं. फरक एवढाच की थट्टा नेहमी तेच करायचे आणि मी हसायचो.

ओवाळून झालं, फराळ समोर आला, आणि भाटव्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं.

“हे काय बांधून राह्यला, साळेसाहेब? पाटी?”

“आमच्या कंपनीचा आहे. पडदा आहे, उघडतो.”

“पुण्यात खिसे शिवत नाईत काय शर्टाले?”

ताई म्हणाली, “गप बसा न. वर्साचा एकदा येते तो.” मग मला म्हणाली, “अजून एक करंजी घे.”

“नको ताई.”

“घे, घे. पण पोटात दम ठेव,” भाटवे म्हणाले.

हा त्यांचा शब्द. आपण दम घेतो, दम लागतो, दम देतो. भाटवे दम ठेवायचे. चपलेचा अंगठा शिवायचा तर त्यात दम ठेव. दाराची चौकट बसवली तर भिंतीत दम ठेव, पावसाळ्यात लाकूड फुगते. जिथं दोन वस्तू लागून येतात तिथं थोडी श्वासाला जागा ठेवायची, असा त्याचा अर्थ. दिग्रसमध्ये दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी तो तसा ऐकला नाही. ताई म्हणायची, “जगाच्या वस्तूंत दम ठेवतात आन् स्वतःच्या पोटात तेवढा नाई ठेवत.”

दुपारी ते मला मिलमध्ये घेऊन गेले. नवा कापूस नुकताच सुरू झाला होता. कातळाएवढे पांढरे ढीग, हवेत रुई, भाटव्यांच्या भुवयांवर रुई. काट्यावर वजन होऊन ट्रॉली येत होत्या. तासाभरानं चहा घेताना मी त्यांना पडदा उघडून दाखवायला गेलो आणि त्यानं मान टाकली. पुन्हा उघडला, पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा तो मिटेचना. जे लोकांच्या मनगटावर व्हायला तीन महिने लागत ते तिथं एका दुपारी झालं.

“दे इकडं,” भाटवे म्हणाले.

बाहेरच्या कोणासमोर नमुना उघडायचा नाही, असं मी कंपनीला लिहून दिलेलं होतं. मी क्षणभर थांबलो आणि दिला. त्यांनी बनियनला टोचलेली पिन काढली, सांध्यात घातली आणि एक करडा कण बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला.

“नमदा,” ते म्हणाले.

नमदा म्हणजे लोकर किंवा रुई दाबून दाबून केलेलं जाड कापड. तो कण तोच होता. धूळ नव्हतीच ती. बाहीची, टॉवेलची, रजईची बारीक रुई सांध्यात जायची, तेल प्यायची, आणि प्रत्येक उघडझापीत कुटली जाऊन तिचा नमदा व्हायचा. आमच्या धुळीच्या पेटीत दगडाची भुकटी होती. रुई कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. मीही त्यातलाच, आणि मी कापसाच्या जिल्ह्यातला माणूस.

“किती दिवसापासून हे चालू हाय?”

“आठ महिने.”

“आन् आठ महिने तुम्ही काय करून राह्यले?”

“सील बसवतो आहोत. आत काही जाऊ नये म्हणून.”

भाटवे कपातला चहा संपेपर्यंत हसले. “रुई अडवून राह्यले? बाप्पा. अरे, जेवढी अडवशीन तेवढी दाबून बसते थे. रेच्याचा हलता पाता पाह्यला न तू? त्याचा दांडा सारखा मागं-पुढं, मागं-पुढं. त्याच्या दोन्ही तोंडाले आधी मीबी रबर बसवलतं. एका हंगामात जाम.”

“मग?”

“मंग रबर काढलं. दम ठेवला. आन् वाट करून देली.”

मी म्हणालो, दांडा पूर्ण फिरत असता तर आटे पाडून रुई बाहेर ढकलता आली असती, स्क्रूसारखी. पण मागं-पुढं हलणाऱ्या सांध्यात जितकी बाहेर जाईल तितकीच परत आत येईल. हे मी जरा शिकवण्याच्या सुरात बोललो असणार.

“इंजिनेर,” भाटवे म्हणाले, “शेतातून येतं तवा पायजाम्यात कुसय घुसते का नाई?”

कुसळ. गवताचं काटेरी बी, आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो.

“घुसतं.”

“तुहा पाय तं पुढं जाते, मागं येते. मंग कुसय वरतंच काहून चढते? खाली काहून येत नाई?”

मला उत्तर यायला हवं होतं.

“त्याले एका अंगानं उतार हाय, दुसऱ्या अंगानं दात हाय. तू कसाबी हाल, थे एकीकडंच जाते. म्या दांड्यावर कुसय पाडलं, बस.”

ते मला वर्कशॉपात घेऊन गेले. एक पितळी सळई घेतली, करंगळीएवढी, आणि तिकोनी कानशीनं तिच्यावर तिरप्या खाचा पाडायला बसले. प्रत्येक खाच एका बाजूनं उतरती, दुसऱ्या बाजूनं उभी. मध्येच त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कारण जवळचं त्यांना बिनचष्म्याचं जास्त दिसायचं. एक तासभर लागला असेल. मग सळई एका नळीत घातली, तोंडाशी जागा ठेवली, नळीत मुद्दाम रुई कोंबली आणि सळई दोन बोटांत धरून अर्धा आटा इकडं, अर्धा आटा तिकडं अशी हलवत राहिले. नळीच्या तोंडातून रुई हळूहळू बाहेर येऊ लागली.

“पाह्य,” ते म्हणाले, “मिशी फुटली.”

माझ्या नोकरीतला सगळ्यांत मोठा क्षण कुठला असं कोणी विचारलं तर मी पुण्यातलं काहीबाही सांगतो. तो क्षण तो होता. नळीला मिशी फुटली तो.

सळई त्यांनी मला दिली. “ने. तुह्या सायबाले दाखव. म्हणा, आमच्या भाटव्यानं धाडली.”

परतीच्या लाल गाडीत, दारव्ह्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती तेव्हा, मी वहीत सांधा काढला. खाचा काढल्या, तोंडाशी ठेवायची जागा काढली आणि तिच्या शेजारी ‘द’ लिहिलं. दम. पुण्यात ते ड्रॉइंग संगणकावर चढलं तेव्हा ‘द’चा ‘डी’ झाला. मार्चच्या आत बिजागरी उभी राहिली. रुई भरलेल्या पेटीत ठेवून आम्ही ती इतक्या वेळा उघडली-मिटली की यंत्राची मोटार बदलावी लागली. तिनं मान टाकली नाही.

पेटंटच्या अर्जासाठी कंपनीच्या वकीलबाईंनी विचारलं, “या कल्पनेत आणखी कोणाचा सहभाग आहे?” नेहमीचा प्रश्न, त्या फॉर्म वाचूनच विचारत होत्या. वरिष्ठ शेजारी बसले होते. भाटव्यांचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की गुप्त नमुना तुम्ही मिलमध्ये उघडलात का. मी म्हणालो, “नाही. माझीच.”

भीतीनं म्हणालो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खरंही आहे, पण आठवडाभरापुरतं. आठवड्यानं मी वकीलबाईंकडे जाऊ शकलो असतो. तोवर लोक जिन्यात थांबवून अभिनंदन करायला लागले होते. कोणी विचारलं की कसं सुचलं, तर मी म्हणायचो, “गावाकडं गेलो होतो, कुसळ बघून सुचलं.” लोकांना ते फार आवडायचं. अर्धं खरं असलेलं खोटं किती चांगलं टिकतं हे मी तेव्हा शिकलो. त्यातही दम ठेवलेला असतो.

पुढच्या वर्षी भाटव्यांची मिल बंद पडली. गावाबाहेर नवी मिल उभी राहिली, तिच्या मालकांनी फिटरच्या जागेसाठी कागद मागितला. आयटीआयचा नाहीतर कुठल्यातरी कंपनीचा. भाटव्यांकडे तीस वर्षांचा हात होता, कागद एकही नव्हता. त्यांनी मला फोन केला. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

“विजू, एक काम होतं. तुह्या कंपनीच्या कागदावर दोन ओळी लिहून दे. या मानसानं आमच्या बिजागरीले हात लावला, एवढंच. बाकी काही नको.”

त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या पेटंटच्या अर्जाशी जुळल्या नसत्या. मी म्हणालो, “भाटवे, कंपनीचे नियम फार कडक असतात. बाहेरच्या माणसाबद्दल असं लिहून देता येत नाही.”



“बरं बरं. नियम हाय तं राहू दे. जेवला का?”

नव्या मिलनं त्यांना ठेवलं, पण फाटकावर. चौकीदार. रजिस्टरात ट्रॉल्यांचे नंबर लिहायचे. ताई म्हणाली, “बसल्या जागचं काम हाय, बरंच झालं, गुडघे दुखतेत यायचे.” म्हणजे यांचे. नंतर एकदा सहज म्हणाली की ते घरी येतात आणि सांगतात, आज तिसरा रेचा तापला होता, कोणाच्या ध्यानात नाही. आत जाऊन सांगितलं तर नवा फिटर म्हणतो, काका, तुम्ही फाटक पाहा.

हे ऐकल्यावर तरी माणसानं काही करावं. मी ताईला मिठाईचा डबा पाठवला.

आता त्या ‘डी’बद्दल. आम्ही बँडचा लहान अवतार काढत होतो. केतकी नावाची एक हुशार डिझायनर आमच्याकडे नवीन आली होती. जागा कमी पडत होती, आणि ‘डी’ कशासाठी हे कुठंच लिहिलेलं नाही असं बघून तिनं ती बंद करून टाकली. चूक तिची नव्हती. ज्याचं कारण लिहिलेलं नाही ते माप कोणीही पुसणारच. लहान बँडनी महिनाभरात माना टाकल्या. बैठक बसली, सगळे माझ्याकडे वळले: ‘डी’ म्हणजे काय?

“डेब्री,” मी म्हणालो. कचरा. “कचरा बाहेर जायची जागा.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. भाटव्यांचा दम माझ्या तोंडून कचरा झाला, आणि मी चहा प्यालो.

संध्याकाळी केतकी माझी जुनी वही घेऊन आली. कंपनीच्या कपाटातून शोधली होती तिनं. “सर, तुमच्या पहिल्या स्केचमध्ये डी नाहीये. द आहे. देवनागरीत.” ती चिंचवडची, मराठी. “द म्हणजे काय?”

सांगायची इतकी चांगली संधी पुन्हा आली नसती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मुलीचा चेहरा निव्वळ उत्सुक होता.

“दाते,” मी म्हणालो. “खाचांचे दाते.”

“हां, बरोबर,” ती म्हणाली, आणि समाधानानं निघून गेली. बरोबर वाटावं असंच मी शोधलं होतं.

गेल्या भाऊबीजेला मी तयार बँड ताईसाठी घेऊन गेलो. तिनं तो मनगटाला लावला, बांगड्यांत अडकतो म्हणाली, आणि काढून डब्यात ठेवला. “यायले दाखव जाऊन. तुही लय वाट पाहून राह्यले सकाळपासून.”

भाटवे मिलच्या फाटकाजवळ लोखंडी खुर्चीवर बसले होते. केस आता सगळे पांढरे, त्यामुळे त्यात रुई आहे की नाही कळेना. बँड हातात घेतला, पण पडद्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कानाशी धरून तीनदा उघडला, मिटला. मग उजेडाकडे धरून सांध्यात बघितलं, चष्मा कपाळावर सरकवून. बराच वेळ. आतून रेच्यांचा आवाज येत होता.

“दम ठेवला,” ते म्हणाले.

“हो.”

“बारीक काम हाय. एवढं बारीक मले नसतं जमलं.” त्यांनी अंगठ्यानं सांधा पुसला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “सायबाले सांगतलं का तुह्या? कुसयाचं?”

मी खरंच ठरवून गेलो होतो. गाडीत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

“सांगितलं,” मी म्हणालो. “तुमचं नाव आहे त्यात.”

ते उठले, फाटक उघडायला गेले. ट्रॉली आली नव्हती. तिथं जाऊन नुसते उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून, आणि मग परत येऊन म्हणाले, “चाल, चहा घेऊ.”

त्या संध्याकाळी घरी ते खूप बोलले. कुसळाची गोष्ट ताईला दोनदा सांगितली. ताई म्हणाली, “मले लय वर्सांनी असे हसताना दिसून राह्यले.” जेवताना त्यांनी स्वतः माझ्या ताटात तूप वाढलं. पुढची पोळी आली तेव्हा मी ताटावर हात धरला. मी म्हणालो, पोटात दम ठेवतो, आणि सगळे हसले.

मला तेव्हा कळायला हवं होतं की ते हे मिलमध्ये सांगणार. सांगितलंच. हमालांना, काट्यावरच्या माणसाला, ट्रॅक्टरवाल्यांना. “माह्यं नाव पुण्यात कागदावर हाय,” असं. थोड्याच दिवसांत लोक त्यांना ‘पेटंटवाले’ म्हणायला लागले, निम्मं कौतुकानं, निम्मं चिडवायला. मग काट्यावरच्या माणसानं मोबाइलवर शोधून काढलं. हल्ली सगळं दिसतं. कंपनीचं नाव, बिजागरीचं चित्र, आणि शोध लावणारा: एकच नाव, माझं. त्यानं ते फाटकावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

हे मला ताईनं फोनवर सांगितलं. आरोप म्हणून नाही, गावची बातमी सांगावी तसं.

“मग भाटवे काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हणतीन? म्हणे, हा पयला कागद असंन. माह्यं दुसऱ्या कागदावर हाय. साळा माहा खोटं नाई बोलत.”

मग ती म्हणाली, “असंनच न, विजू? दुसऱ्या कागदावर?”

मी म्हणालो, ताई, बेल वाजली, नंतर करतो. बेल वाजली नव्हती.

त्यानंतर मी वकीलबाईंकडे गेलो. आडवळणानं विचारलं की समजा एखाद्याचं नाव राहून गेलं असेल तर. त्या म्हणाल्या, घालता येतं. राहिलेल्या माणसाची सही लागते, आधीच्या माणसाची सही लागते, आणि एक निवेदन. त्यांनी फॉर्म दिला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, पितळी सळईशेजारी. सुधाकर यांचं नाव मी दुसऱ्या ओळीवर लिहिलं आहे. हुद्दा: फिटर. चौकीदार लिहिलेलं नाही. माझी सहीही झाली आहे. पण मध्ये एक चौकट आहे, ‘नाव वगळले जाण्याचे कारण’. ती तीन महिने कोरी होती. ‘अनवधानाने’ असं लिहायचं असतं म्हणे, सगळे तसंच लिहितात. तो एक शब्द लिहिला असता तर काम एका दिवसात झालं असतं, आणि ते माझं सातवं खोटं ठरलं असतं की आठवं, याचा हिशेब आता मला लागत नाही.

चौकट लहान आहे. म्हणून हे इथं लिहिलं. त्या चौकटीत मी काल लिहिलं: मी नाव सांगितलं नाही.

कधी कधी दुपारी काम थांबवून मी ती सळई काढतो आणि दोन बोटांत धरून हलवतो, इकडं-तिकडं. त्या वर्कशॉपातला तेलाचा वास, कानशीचा आवाज, आणि आपल्याला काहीच येत नाही हे कळूनही ओशाळं न वाटलेली ती एक दुपार; मला तिथं परत जाऊन बसायचं असतं. भाटवे सांगताहेत आणि मी फक्त बघतो आहे, एवढंच. त्यानंतर मी जो कोणी झालो तो त्या दुपारच्या जिवावर.

भाटव्यांची सही घ्यायला फॉर्म टपालानं पाठवता येतो. मी तो पाठवणार नाही. हा अंक छापून व्हायच्या आत मला तो घेऊन फाटकावर जायचं आहे. मी त्यांचं दोन गोष्टींचं देणं लागतो. एक, कागदावरची दुसरी ओळ. ती लिहून झाली आहे. आणि दुसरी, त्यांच्याकडे बघून म्हणायचं एक वाक्य: भाटवे, दुसरा कागद नव्हता. ते अजून म्हणायचं आहे.